सर्व्हर मंडळाच्या नावावर

इंदूरच्या मराठी मंडळांचा आणि संस्थांचा रोजचा सार्वजनिक व्यवहार आता बहुतांशी व्हॉट्सॲपचे गट आणि फेसबुकची पाने यांवर चालतो. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, व्याख्यानांची निमंत्रणे, वधू-वर मेळाव्यांच्या सूचना, दिवंगत सभासदांच्या आठवणी आणि जुनी छायाचित्रे असे जे पूर्वी इतिवृत्तांच्या वह्यांत, स्मरणिकांत आणि सूचनाफलकांवर येत असे, ते आता या दोन ठिकाणी लिहिले जाते. मात्र वही संस्थेच्या कपाटात राहत असे, तर या लेखनाचे पुढे काय करायचे, ते कोणाला दाखवायचे आणि कोणापासून झाकायचे, हे ठरविण्याचा अधिकार ते लिहिणाऱ्या संस्थेकडे नाही. ही चिंता काल्पनिक नव्हे. भारतात एके काळी घरोघरी माहीत असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी आणि याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी. या तिन्ही ठिकाणी मराठी माणसांनी वर्षानुवर्षे केलेल्या लेखनापैकी जे वेळीच उतरवून घेतले गेले तेवढेच वाचले. याच काळात १९९६च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतील मराठी मंडळींच्या पुढाकाराने सुरू झालेले ‘मायबोली’ हे संकेतस्थळ टिकून राहिले, आणि त्याचे एक मोठे कारण असे की ते कोण्या महाकाय कंपनीच्या जागेत भाड्याने राहत नव्हते.

स्वतःची जागा असण्याला एक जुनी मर्यादा मात्र होती. अशा संकेतस्थळावर येणाऱ्याला तिथे वेगळे नाव नोंदवावे लागे, आणि एका स्थळावरचा लेखक दुसऱ्या स्थळावरच्या वाचकाशी तिथूनच बोलू शकत नसे. विकेंद्रित समाजमाध्यमांची कल्पना नेमकी ही उणीव भरून काढते. विकेंद्रित म्हणजे ज्याचा कारभार एका कंपनीच्या एका केंद्रातून चालत नाही, तर अनेक लहानमोठ्या स्वतंत्र सर्व्हरांवर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या आणि मागेल त्याला ती पुरवणाऱ्या संगणकांवर, वाटलेला असतो, आणि तरीही ते सर्व्हर ठरलेल्या समान नियमांनुसार परस्परांशी बोलतात. बृहन्महाराष्ट्रातील मंडळांची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजायला जड जाऊ नये : इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील प्रत्येक मंडळाची घटना वेगळी, वर्गणी वेगळी, कार्यकारिणी वेगळी, तरी त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार असतो, एकाचा वक्ता दुसऱ्याच्या व्यासपीठावर जातो, आणि एक मंडळ बंद पडले म्हणून बाकीच्यांना टाळे लागत नाही.

संगणकांमधील या समान नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. ईमेल अशाच प्रोटोकॉलवर चालते, म्हणूनच एका कंपनीच्या ग्राहकाचे पत्र दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला विनासायास पोचते. समाजमाध्यमांसाठी तसा एक प्रोटोकॉल, ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नावाचा, वेबची मानके ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २३ जानेवारी २०१८ रोजी अधिकृत शिफारस म्हणून स्वीकारला. त्यावर चालणाऱ्या सर्व्हरांच्या समूहाला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात, आणि त्यातील सर्वांत परिचित सॉफ्टवेअर म्हणजे ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुण प्रोग्रामरने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘मास्टोडॉन’. छायाचित्रांसाठी ‘पिक्सेलफेड’, चित्रफितींसाठी ‘पीअरट्यूब’ अशी त्याची भावंडेही आहेत आणि ती सर्व मुक्त सॉफ्टवेअर आहेत, म्हणजे त्यांची संगणकीय संहिता कोणीही वाचावी, वापरावी आणि बदलावी असा परवाना त्यांना जोडलेला आहे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. इंदूरच्या रामबागेतील एखाद्या संस्थेने असा सर्व्हर चालविला आहे असे धरले, तर तिच्या सभासदाचा पत्ता दोन भागांचा असेल, आधी सभासदाचे नाव आणि मग सर्व्हरचे. त्याने व्याख्यानाची सूचना लिहिली की ती प्रथम संस्थेच्याच सर्व्हरवर साठते. मग तो सर्व्हर या सभासदाचे अनुयायी, म्हणजे त्याचे लेखन आपणहून मागवणारे वाचक, कोणकोणत्या सर्व्हरांवर आहेत हे पाहतो, सूचनेवर आपली संगणकीय स्वाक्षरी करतो आणि तिची प्रत त्या प्रत्येक सर्व्हरच्या आवकपेटीत टाकतो. समोरचा सर्व्हर स्वाक्षरी पडताळून मगच ती आपल्या वाचकांना दाखवतो, आणि तो काही काळ बंद असेल तर पाठवणारा थांबून पुन्हा प्रयत्न करतो. टोरांटोतील वाचकाने दिलेले उत्तर याच वाटेने परत येते. वाचकापुढे हे सारे काळाच्या क्रमाने येते, जाहिरात मध्ये येत नाही, आणि कोणते लेखन वर आणावे याचा निर्णय घेणारे गुप्त गणितही नसते.

याच गुणाची दुसरी बाजू नवागताला पहिल्या दिवशी जाणवते, ती म्हणजे शांतता. कोणी काही पुढे करत नसल्यामुळे माणसे स्वतः शोधावी लागतात आणि आपले लेखन इतरांना सापडावे म्हणून त्याला विषयाची खूण, म्हणजे हॅशटॅग, जोडावी लागते. मास्टोडॉनवर प्रत्येक मजकुराला भाषेची नोंदही करता येते आणि वाचक हव्या त्या भाषा निवडू शकतो. चहूबाजूंनी हिंदी आणि माळवी बोलल्या जाणाऱ्या इंदुरात मराठी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ही सोय किरकोळ नाही, कारण मोठ्या मंचांवर बहुसंख्यांच्या भाषेपुढे थोड्यांची भाषा सहज मागे पडते.

भारतात या माध्यमांची चर्चा मोठ्या प्रमाणावर झाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने प्रथम नाझी सलामी न देणाऱ्या जर्मन कामगाराच्या प्रसिद्ध छायाचित्रावरून आणि नंतर गोरख पांडे यांच्या कवितेच्या एका जुन्या उल्लेखावरून निलंबित केले. ज्या छायाचित्राचा आशय जुलमाला नकार देण्याचा होता त्यालाच द्वेषमूलक ठरविले गेल्याने अनेकांना धक्का बसला आणि पत्रकार, वकील, विद्यार्थी अशा पुष्कळांनी मास्टोडॉनवर खाती उघडली. पुढे २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेतल्यावर हीच लाट जगभर उसळली. दोन्ही वेळा आलेल्यांपैकी बरेच जण परतले, आणि त्यामागे तांत्रिक अडचणींपेक्षा साधे सामाजिक कारण अधिक होते : ते एकेकटे आले होते, आणि ज्यांच्याशी बोलायचे ती माणसे जुन्याच ठिकाणी राहिली होती. एकट्या व्यक्तीने स्थलांतर करणे अवघड असते. आधीच एकमेकांना ओळखणारा, सभा भरवणारा, वर्गणी देणारा गट एकत्र गेला तर ही अडचण पुष्कळशी उरत नाही.

नियमनाचा प्रश्न, म्हणजे द्वेष, खोटेपणा आणि छळ यांना आवर कोणी घालायचा हा प्रश्न, विकेंद्रित रचनेत नाहीसा होत नाही, तो विभागला जातो. २०१९च्या जुलैमध्ये ‘गॅब’ या अतिउजव्या गटांना आश्रय देणाऱ्या अमेरिकी मंचाने मास्टोडॉनचेच सॉफ्टवेअर वापरायला घेतले. परवाना मुक्त असल्यामुळे त्याला मज्जाव करणे कोणालाच शक्य नव्हते, पण असंख्य सर्व्हरांच्या चालकांनी आपापल्या पातळीवर त्याच्याशी संबंध तोडले आणि गॅब त्या जाळ्यात जवळजवळ एकाकी पडला. असा निर्णय इथे प्रत्येक समूह आपल्या मूल्यांनुसार घेतो आणि त्याचा जाब आपल्याच सभासदांना देतो. चालक मनमानी करणारा निघाला तर मात्र हीच सत्ता त्रासदायकही ठरते.

या माध्यमांचा पुरस्कार करणाऱ्यांनी काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मास्टोडॉनवरील खासगी संदेश कूटबद्ध नसतात, म्हणजे ते अशा सांकेतिक रूपात साठत नाहीत की फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता यावेत. सर्व्हरच्या चालकाने ठरविले तर तो ते वाचू शकतो, आणि या बाबतीत व्हॉट्सॲप अधिक सुरक्षित आहे. लिहिलेले खोडले तर इतर सर्व्हरांना खोडण्याची सूचना जाते, पण ती त्यांनी पाळलीच असेल याची हमी नसते. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना अनुयायी बरोबर नेता येतात, जुने लेखन नेता येत नाही. आणि सर्व्हर बंदही पडतात. मास्टोडॉन डॉट लॉल हा हजारो सभासदांचा सर्व्हर त्याच्या एकट्या चालकाने वाद आणि मनस्ताप असह्य झाल्यामुळे २०२३ मध्ये बंद केला. युरोपीय संघाच्या संस्थांनी २०२२ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केलेला ‘ईयू व्हॉइस’ हा सर्व्हरही, पुढे चालवायला कायमचा धनी न मिळाल्याने, मे २०२४ मध्ये थांबला. एकीकडे कष्टाळू माणूस होता पण मागे संस्था नव्हती. दुसरीकडे संस्था बलाढ्य होत्या पण कोणा एकीने हे काम आपले मानले नाही.

मराठी वाचकाला या पेचावरचा एक मार्ग परिचित आहे, तो म्हणजे सहकार. भारतातील मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी ‘प्रव’ या नावाची संदेशसेवा उभारण्याचे काम हाती घेतले आहे, जी ‘एक्सएमपीपी’ या जुन्या खुल्या प्रोटोकॉलवर चालते आणि जिचा कारभार वापरणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे असावा असा त्यांचा संकल्प आहे. २००२च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्यानुसार व्यक्ती सभासद असलेल्या अशा संस्थेच्या नोंदणीसाठी संबंधित प्रत्येक राज्यातील किमान ५० व्यक्तींच्या सह्या लागतात. तंत्रज्ञांना प्रोग्राम लिहिण्यापेक्षा ही माणसे जमवणे अधिक कठीण वाटावे, तर मंडळे चालविणाऱ्यांना नेमके हेच काम येते.

इंदूरच्या मराठी समाजापाशी हा अनुभव उदंड आहे. १८१८च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि मराठीला राजाश्रय लाभला. १९१७ आणि १९३५ची साहित्य संमेलने येथे भरली ती संस्थानी काळात. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये इंदूर मध्य प्रदेशात गेले, आणि येथील मराठीला मिळणारा राजाश्रय सरला. तरीही २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली तिसरे संमेलन येथे भरले, ते समाजाने स्वतः चालविलेल्या संस्थांच्या बळावर. ज्या समाजाने ग्रंथालये, शाळा आणि सभागृहे राजाश्रय गेल्यावरही सांभाळली, त्याने आपल्या संभाषणाची जागा मात्र परक्या कंपनीवर सोडावी, हे त्याच्या परंपरेला शोभत नाही.

असा सर्व्हर उभारायचा तर त्याचे संकेतनाम, म्हणजे डोमेन, उत्साही तरुणाच्या नावावर न घेता संस्थेच्या नावावर घ्यावे लागेल, त्याच्या किल्ल्या निदान तिघांकडे ठेवाव्या लागतील, आणि भाडे व वाढत जाणाऱ्या छायाचित्रांच्या साठवणीचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात धरावा लागेल. भारतातील २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या मंचांवर लादलेली जादा बंधने ५० लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांपासून लागू होतात, त्यामुळे ती मंडळाला लागणार नाहीत. पण तक्रार निवारण अधिकारी नेमणे, त्याचे नाव प्रसिद्ध करणे आणि तक्रारीची पोच २४ तासांत देणे ही कर्तव्ये लहान चालकालाही टळत नाहीत, आणि हे काम कार्यकारिणीतील एका व्यक्तीकडे पदाधिकारी म्हणूनच सोपवावे लागेल. सर्व साठ्याची प्रत दर महिन्याला काढून ती इतिवृत्ताच्या वह्यांबरोबर ठेवण्याची जबाबदारीही त्याच ठरावात, नावानिशी, नोंदवावी लागेल.