जनावर आवरण्याची साधने : स्वस्त कोणती, सुरक्षित कोणती?

पोळा जवळ आला की वऱ्हाडातील आठवडी बाजारांतून दोरांची दुकाने सजू लागतात. बैलांसाठी नवी वेसण, नवा कासरा, नवी म्होरकी आणि नवे दावे घेण्याची प्रथा जुनी आहे. हा सणाचा साज तर खराच. पण त्यात व्यवहाराचे एक शहाणपणही दडलेले आहे. वर्षभर उन्हापावसात झिजलेला दोर ऐन वेळी दगा देतो, म्हणून तो वर्षातून एकदा बदलला गेलाच पाहिजे, अशी सोय पूर्वजांनी सणाच्या निमित्ताने करून ठेवली. मात्र दोर बदलला जातो, तरी जनावर कोणत्या कामासाठी, कशाने व किती वेळ आवरावयाचे याचा विचार घरोघरी होतोच असे नाही. परिणामी कोठे दूध काढणाऱ्या गृहिणीस लाथ बसते, कोठे बैलाचे नाक फाटते, तर कोठे दाव्यास अडकून वासरू गुदमरते.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव आणि त्याच्या आसपासची गावे ही सोयाबीन, तूर व कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची गावे होत. चार-पाच एकरांच्या अशा एखाद्या शेतकऱ्याकडे एक बैलजोडी, एक गाय आणि एक-दोन म्हशी आहेत असे धरले, तर त्याने कोणती साधने घ्यावीत आणि कोणती गावाने मिळून करावीत, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

गरज का वाढली?

पूर्वी जनावर धरून ठेवण्याचे प्रसंग मोजके असत. बैलास पत्री मारणे, खच्चीकरण किंवा एखाद्या जखमेवर औषध लावणे एवढ्यापुरतेच ते काम असे. आज स्थिती वेगळी आहे. लाळ्या-खुरकूत व संसर्गजन्य गर्भपात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी द्यावयाची असते, तर चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना गर्भपाताची लस एकदा टोचावयाची असते. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या यांच्या लसी असतातच. सन २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोगाची साथ पसरली, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यासही तिची झळ लागली आणि गाई-बैलांना अल्पावधीत लस टोचावी लागली. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारणे आवश्यक झाले असून, १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. याशिवाय कृत्रिम रेतन आणि गर्भतपासणी आहे. म्हणजे एकेक जनावर वर्षातून अनेक वेळा परक्या माणसासमोर स्थिर उभे करावे लागते. ते नीट उभे राहिले नाही तर सुई मोडते, लस वाया जाते आणि पुढच्या खेपेस मालक जनावर दवाखान्यात आणण्यासच नाखूश होतो.

प्रथम स्वभाव, मग साधन

गाय-म्हैस या जातीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे त्यांना जवळजवळ सभोवारचे दिसते. ठीक पाठीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. मागून गुपचूप येणाऱ्या माणसास लाथ बसते ती जनावर खोडकर असते म्हणून नव्हे, तर ते दचकते म्हणून. गाय लाथ मारते तीही पुष्कळदा सरळ मागे नव्हे, तर पाय पुढे घेऊन बाजूने फिरवून. म्हणून मांडीजवळ हातभर अंतरावर उभे राहणे सर्वांत धोक्याचे असते. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत, अंगाला हात लावत जवळ जाणे हीच सुरक्षित रीत होय.

अमेरिकेतील पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी जनावरांच्या हाताळणीचा आयुष्यभर अभ्यास केला. जमिनीवरची गडद सावली, लोंबती साखळी, चमकणारे पाणी, अचानक झालेला आवाज अशा क्षुल्लक गोष्टींनी जनावर अडते. त्या दूर केल्या की बळाचे काम पुष्कळ कमी होते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. तेथील मोठ्या कुरणांवर गुरे मोकळी वाढतात व त्यांस माणसाच्या हाताची सवय नसते. त्यामुळे तेथे दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे महागडे लोखंडी पिंजरे लागतात. आपल्याकडचे जनावर जन्मापासून दावणीला असते आणि घरातल्या माणसांच्या हातचे खाते. ही सवय हेच लहान शेतकऱ्याचे सर्वांत स्वस्त साधन होय. वासरू दोन-तीन महिन्यांचे असतानाच त्यास म्होरकी घालून रोज थोडे चालविले, कान, खूर व कास यांना हात लावण्याची सवय केली, तर पुढे दहा-बारा वर्षे त्याचा लाभ मिळतो.

दोर : जाड, मऊ आणि सुटणारा

घरी ठेवावयाच्या साधनांत पहिला मान दोराचा. पूर्वी अंबाडीचा दोर घरीच वळला जाई; आता नायलॉनचा दोर सर्वत्र मिळतो. तो स्वस्त व टिकाऊ आहे. परंतु बारीक नायलॉन ओढ बसली की कातडीत रुततो, हातातून सरकला तर तळहात भाजून काढतो आणि प्रसंगी तुटत नाही. म्हणून मानेस व पायास लागणारा दोर सुती किंवा अंबाडीचा, निदान अंगठ्याएवढा जाड असावा. नायलॉनच वापरावयाचा झाल्यास तो जाड व विणलेला घ्यावा आणि अंगास लागतो तेथे कापड गुंडाळावे.

दोराइतकीच गाठ महत्त्वाची. सुरगाठ आणि निरगाठ यांतला भेद मराठी माणसास सांगावयास नको. सुरगाठीचे मोकळे टोक ओढताच ती सुटते. निरगाठ ओढ बसेल तितकी आवळत जाते. जनावर खुंट्यास बांधताना नेहमी सुरगाठच मारावी. मानेभोवती मात्र सरकता फास कधीही असू नये. तेथे न सरकणारी, ठरावीक मापाची कडी असावी, म्हणजे जनावर घसरले तरी गळा आवळला जात नाही. कोणतेही साधन निवडताना पहिला प्रश्न 'हे जनावरास किती घट्ट धरते?' हा नसून 'संकटात हे किती लवकर सुटते?' हा असला पाहिजे. पुढील सर्व साधने याच कसोटीवर पारखून घ्यावीत.

म्होरकी आणि वेसण

बांधण्यासाठी म्होरकी आणि वळविण्यासाठी वेसण, असा सरळ नियम ठेवावा. म्होरकीचा ताण डोक्याच्या हाडांवर वाटला जातो. वेसणीचा ताण नाकपुडीमधल्या नाजूक पडद्यावर येतो. वेसणीचा दोर थेट खुंट्यास बांधला आणि बैल बिचकून मागे सरला, तर नाक फाटते आणि ते पुन्हा कधी पहिल्यासारखे होत नाही. शांत गाई-म्हशींना वेसणीची गरजच नसते. बैलास ती घालावयाची असल्यास नाक टोचण्याचे काम पशुवैद्यकाकडूनच करवून घ्यावे. लस टोचण्यापुरते क्षणभर डोके स्थिर ठेवणे अवश्य असेल, तर अंगठा व बोट यांनी नाकाचा पडदा धरणे पुष्कळदा पुरते. औषध पाजताना डोके फार उंच ओढू नये व जनावर ठसकताच ते मोकळे सोडावे. अन्यथा औषध फुप्फुसात जाते.

धारेच्या वेळी

लाथाळ गाईचे मागचे पाय गुडघ्याच्या वरच्या बाजूस आठच्या आकड्यासारखा मऊ दोर फिरवून बांधतात. ही रीत चांगली आहे. मात्र तिथेही सुरगाठच हवी. शेपटीच्या बुडाशी धरून शेपूट हलकेच वर सरळ उचलल्यास गाय लाथ मारीत नाही. जोर अधिक झाला तर शेपटीची हाडे मोडतात, हे ध्यानात ठेवावे. एखादी शांत गाय एकाएकी लाथा मारू लागली, तर दोर शोधण्यापूर्वी कास तपासावी. सडास चीर असेल किंवा कासदाह असेल, तर बांधून धार काढणे म्हणजे दुखण्यावर दुखणे होय.

जनावर पाडणे : शेवटचा उपाय

पत्री मारण्यासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी बैल दोराने पाडावा लागतो. त्यास आठ ते दहा मीटर लांबीचा मजबूत दोर, मऊ जमीन किंवा कडब्याचा थर आणि निदान तीन जाणती माणसे लागतात. पोट भरलेले असताना बैल पाडू नये, गाभण जनावर तर मुळीच पाडू नये. पडलेले जनावर अधिक वेळ एका कुशीवर ठेवल्यास पोटात वायू साठून ते फुगते. म्हणून काम उरकताच त्यास उठू द्यावे. गावात चांगला खोडा असल्यास पाडण्याचे बरेच प्रसंग टळतात.

खोडा : एकट्याचा की गावाचा?

चार खांब आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे अशा चौकटीस पशुवैद्यक ट्रॅव्हिस म्हणतात. गावात तिला खोडा म्हणतात. मोठ्या जनावरांसाठी आतील लांबी साधारण साडेपाच ते सहा फूट, रुंदी अडीच फूट आणि जमिनीवरची उंची साडेपाच फूट असावी. पूर्णाथडी म्हशीचे पोट रुंद आणि बैलाची शिंगे पसरट, हे लक्षात घेऊन पुढील तोंड मोकळे ठेवावे, तर वासरांसाठी बाजूस एक सरकता दांडा अधिक द्यावा. छातीपुढचा व मागचा दांडा एका हाताने ओढून काढता आला पाहिजे. खिळा, तार किंवा पाइपाचे धारदार टोक आत राहता कामा नये. जमीन खडबडीत व किंचित उताराची असावी, कारण गुळगुळीत सिमेंटवर जनावर घसरते.

या भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. वर-वर पुरलेले खांब एक-दोन वर्षांत डुलू लागतात. म्हणून खांब निदान अडीच फूट खोल, मुरूम व काँक्रीट भरून पक्के करावेत. बाभळीच्या जाड खांबांचा खोडा स्वस्त पडतो. परंतु वाळवीसाठी दरवर्षी पाहणी लागते. लोखंडी खोड्यास दोन इंची पाइपाचे सुमारे बत्तीस फूट आणि दीड इंची पाइपाचे सुमारे सदतीस फूट लागतात; त्यांचे वजन ९० ते १०० किलो भरते. त्या दिवशीच्या भावाने हे वजन गुणून त्यात जोडकाम व काँक्रीट यांचा खर्च मिळविला की खर्चाचा अंदाज कोणासही काढता येतो.

चार-पाच जनावरांच्या शेतकऱ्यास खोडा वर्षातून मोजकेच दिवस लागतो. एवढ्यासाठी प्रत्येकाने शंभर किलो लोखंड अंगणात उभे करणे हिशेबाचे नाही. त्याने घरी दोर, म्होरकी आणि भिंतीलगत एक पक्का खांब ठेवावा. खोडा मात्र गावाचा असावा. गुरांची पैदास सुधारणे व पशुधनाची निगा राखणे हे विषय १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीच्या कामांत समाविष्ट आहेत. ग्रामपंचायत विकास आराखड्यात या कामाचा समावेश करता येतो. पुष्कळ गावी जुन्या कोंडवाड्याची जागा रिकामी असते. सावली, पाणी व ये-जा करण्यास दोन्ही बाजूंनी वाट असेल तर ती जागा योग्य ठरते. सामायिक खोड्याचा एक धोका मात्र विसरू नये. साथीच्या दिवसांत आजारी व निरोगी जनावरे एकाच चौकटीतून गेल्यास रोग पसरतो. लाळ्या-खुरकुताच्या साथीत धुण्याच्या सोड्याचे चार टक्के द्रावण वापरून खोडा धुवावा आणि आजारी जनावर तेथे आणूच नये.

दावणीचा धोका

वर्षातील बहुतेक दिवस जनावर खोड्यात नव्हे, दावणीला असते. बसलेली गाय उठताना डोके पुढे झोकून आधी मागचा भाग उचलते. दावे फार आखूड असेल किंवा गव्हाण अगदी नाकाशी असेल, तर तिला धड उठता येत नाही. फार आखूड किंवा फार जड दोर-साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरता ठरते. उलट दावे फार लांब असले तर पाय अडकतो.

उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीशेजारी असलेल्या गोठ्यास आग लागते, तेव्हा बांधलेली जनावरे जागीच होरपळतात. धुरात निरगाठ सोडवीत बसण्यास वेळ नसतो. म्हणून गोठ्याच्या दाराशी धारदार विळा कायम टांगलेला असावा, दाव्यांना सुरगाठ असावी आणि घरातील स्त्रियांना व मोठ्या मुलांना अंधारातही ती सोडता आली पाहिजे. गावच्या शाळेतील शिक्षकांनी दोराच्या तुकड्यावर या दोन गाठी मुलांकडून करवून घेतल्या, तर त्यास खर्च काही नाही आणि तास अर्धाच लागतो.

पंचायत सदस्यांनी पुढील लसीकरणापूर्वी गावच्या खोड्याचे खांब हलवून पाहावेत, दांडे एका हाताने निघतात का ते तपासावे आणि खोडा नसेल तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय घ्यावा. शेतकऱ्याने पोळ्याची वाट न पाहता आजच गोठ्यातील प्रत्येक दाव्याची गाठ ओढून पाहावी. जी एका ओढीत सुटत नाही, ती बदलावी.