थरांचा कारभार – लेखांक पाचवा : पावलांची रुजवात

गेल्या आठवड्यात आपल्या व्यायामध्येयांच्या ॲपचे आपण तीन थर पाडले : वापरकर्त्यास दिसणारा पडद्याचा थर, ध्येयांचे नियम सांभाळणारा गाभ्याचा डोमेन थर, आणि सेन्सर व डेटाबेस यांच्याशी व्यवहार करणारा डेटा थर, आणि बाहेरच्या थरांनी गाभ्याला ओळखावे, गाभ्याने मात्र बाहेरच्यांची ओळखदेखील ठेवू नये, हा रॉबर्ट मार्टिन यांनी २०१२ साली ‘क्लीन आर्किटेक्चर’ या नावाने मांडलेला दंडक मान्य केला. दंडक मान्य करण्यास कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते ‘आज किती पावले चाललो?’ अशा निरुपद्रवी प्रश्नाचे उत्तर कोणत्या थराने द्यावयाचे, हे ठरविताना.

याचे कारण असे की, अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेला पाऊलमोजणी सेन्सर ‘आज’ ही कल्पनाच जाणत नाही. फोन अखेरचा सुरू झाल्यापासून एकंदर पावले किती पडली, एवढाच चढता आकडा तो सांगतो, आणि फोन बंद करून पुन्हा सुरू केला की शून्यापासून नवा श्रीगणेशा करतो. मध्यरात्री त्याचा आकडा ४१,२०० असेल आणि सायंकाळी ४७,९००, तर दिवसाची जमा ६,७०० हे उघड आहे. परंतु दुपारी फोन पुन्हा सुरू झाला आणि सायंकाळी सेन्सरने २,१०० सांगितले, तर सरळ वजाबाकी करणारा प्रोग्राम त्या सद्गृहस्थाच्या नावे उणे ३९,१०० पावले मांडून मोकळा होईल. यावर घाईतला प्रोग्रामर पडद्याच्याच कोडमध्ये एक ‘जर-तर’ ठोकून देतो. मग तोच विजेटसाठी दुसरीकडे उतरवितो, सूचनेसाठी तिसरीकडे, आणि एकाच दिवसाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसू लागले म्हणजे त्यांची रुजवात कोणालाच घालता येत नाही.

सेन्सरच्या या लहरीपणाचा बंदोबस्त सर्वस्वी डेटा थराच्या अखत्यारीतला आहे. त्याने प्रत्येक आकडा, फोन कितव्यांदा सुरू झाला या संख्येसह, नोंदवून ठेवावा. ती संख्या बदललेली दिसली की वजाबाकी न करता नवा आकडा सबंधच जमेस धरावा. शेवटची नोंद आणि फोन बंद होणे यांच्या दरम्यानची पावले बुडीत खाती जातात. नोंदी वारंवार घेऊन ही तूट कमी करता येते, नाहीशी करता येत नाही. गाभ्याने मात्र ‘अमुक तारखेची पावले द्या’ एवढाच इंटरफेस जाहीर करावा आणि ती कोठून आली याची चौकशी करू नये : रोकड सांभाळणाऱ्या पोतनिसाने वसुलीतली सूट ठरवू नये, आणि सूट ठरविणाऱ्याने नाणी मोजीत बसू नये. गूगलने २०२४ साली गूगल फिटचे विकसकांसाठीचे इंटरफेस मोडीत काढण्याचे जाहीर करून हेल्थ कनेक्टकडे बोट दाखविले, तेव्हा ज्याने ही शिस्त पाळली असेल त्याचे काम एका बाहेरच्या थरापुरतेच उरले.

या शिस्तीचा अतिरेकही होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकच नोंद तीन थरांसाठी तीन रूपांत उतरविणे हा मला पुष्कळदा निव्वळ कागदी कारभार वाटतो, आणि गूगलची स्वतःची मार्गदर्शिकाही डोमेन थर ऐच्छिकच मानते.

आपल्या ॲपला तो लागतो, कारण येथे नियम खरोखरीचे आहेत. रोजची १०,००० पावले हे ध्येय १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पावलांची नसून प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांची आहे. तेव्हा ध्येयाच्या व्याख्येत परिमाण, मुदत आणि प्रमाण ही तिन्ही स्वतंत्र हवीत, आणि चौथी हवी ती अंमलाची तारीख. सोमवारी १०,००० चे ध्येय असलेल्या माणसाने बुधवारी ते ६,००० वर आणले, तर सोमवारची ७,२०० पावले पूर्वलक्षी प्रभावाने यशस्वी ठरू नयेत; प्रत्येक दिवसाचा निवाडा त्या दिवशी अंमलात असलेल्या ध्येयानेच व्हावा. हा नियम गाभ्यात असल्यामुळे त्याची चाचणी फोनवाचून, एक पाऊलही न चालता घेता येते. बदललेले ध्येय दुसऱ्या दिवसापासूनच लागू करावे, असे माझे मत आहे. नाहीतर रात्री साडेअकराला अंथरुणावर पडल्या पडल्या ध्येय खाली ओढून शाबासकी मिळविण्याची मुभा आपणच देऊन ठेवू.