केशरोपणानंतर रोजचे व्यवहार केव्हा सुरू करावेत?

टकलावर केस रोवून घेणे ही एकेकाळी सिनेनटांची चैन समजली जात असे. आता अमरावती-अकोल्याकडचे नोकरदार आणि दुकानदारही त्या वाटेने जातात. कोणाचे लग्न ठरायचे असते, कोणाला गिऱ्हाइकासमोर बरे दिसायचे असते. त्यात वावगे काही नाही. शस्त्रक्रिया बहुधा एका दिवसात आटोपते आणि रुग्ण संध्याकाळी आपल्या पायांनी चालत बाहेर पडतो. त्यामुळे हे काम न्हाव्याकडे जाऊन येण्याइतके किरकोळ आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे. खरे पथ्य घरी आल्यावरच सुरू होते.

नेमके काय केलेले असते?

टक्कल पडणाऱ्या माणसाचेही मागचे व कानांवरचे केस सहसा टिकून राहतात. ते मुळासकट काढून पुढे लावले तरी आपला टिकण्याचा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिले व त्यावरच ही शस्त्रक्रिया उभी आहे. एका पद्धतीत मागच्या त्वचेची पट्टी काढून टाके घालतात. दुसरीत एकेक मूळ बारीक नळीने उचलतात, टाके नसतात. पद्धत कोणतीही असो, जखमा दोन असतात. मूळ काढले ती मागची जागा आणि शेकडो बारीक छिद्रे पाडून केस रोवले ती पुढची जागा.

पहिले दहा दिवस

रोवलेली मुळे त्वचेत घट्ट बसायला साधारण नऊ-दहा दिवस लागतात. तोवर घासणे, खाजवणे आणि ओढणे पूर्ण वर्ज्य.

झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवावे. चार ते सात रात्री एवढे केले तर सूज कमी येते. डोक्यातून ओढून घालायचा बनियान टाळून पुढून गुंड्यांचा सदरा घालावा. वाकून जड वस्तू उचलू नये.

डोके केव्हा धुवायचे हे डॉक्टर सांगतील. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून परवानगी मिळते. मात्र नळाच्या धारेखाली डोके धरू नये, तांब्याने हळू पाणी सोडावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे व बोअरचे पाणी खारट असते. तेथे या दिवसांत पिण्याचे गोडे पाणीच वापरावे. खपल्या साधारण दहा दिवसांत आपोआप सुटतात. नखाने काढल्यास खपलीबरोबर मूळही निघून येते.

प्रवास आणि कामधंदा

मुंबई-पुण्याहून शस्त्रक्रिया करून रात्रीच्या गाडीने परतणार असाल, तर वरचा बर्थ घेऊ नका. चढता-उतरता डोके आपटण्याचा धोका असतो. एसटीत खिडकीला डोके टेकून झोपणेही तसेच.

बैठे काम असेल तर तीन ते पाच दिवसांत कामावर जाता येते. खपल्या लोकांना दिसू नयेत असे वाटत असेल, तर दहा दिवसांची रजा काढावी. शेतात, बांधकामावर किंवा जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम करणाऱ्यांनी धूळ, घाम व रुई यांपासून निदान दोन आठवडे दूर राहावे. फवारणी तर दुसऱ्याकडेच सोपवावी.

हेल्मेट पहिले दहा दिवस घालू नये. म्हणून हेल्मेटशिवाय दुचाकी चालवावी असे मात्र नाही. त्या दिवसांत ऑटोने जावे. टाके असतील तर ते निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, थांबावे. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपट्टा डोक्याला आवळून बांधायची सवय आहे. तीही तेवढे दिवस सोडावी.

अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा आहे. तेथे मेहनत करणाऱ्यांना बसून राहणे जड जाईल. साधे चालणे चार-पाच दिवसांनी सुरू करता येते. हलका व्यायाम दोन आठवड्यांनंतर करावा. कुस्ती, मल्लखांब, वजन उचलणे व पोहणे यांना महिनाभर विश्रांती द्यावी.

ऊन, तेल, तंबाखू

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. नव्या जखमेवर असे ऊन घेऊ नये. जमल्यास शस्त्रक्रिया हिवाळ्यात करावी, नाहीतर महिनाभर छत्री वापरावी. तेलमालीश, कलप व रंगपंचमीचे रंग यांपासूनही महिनाभर लांब राहावे. विडी, सिगारेट व खर्रा यांतील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांना रक्त कमी पडते. जखम भरेपर्यंत तरी तंबाखू बंद ठेवावी. घरात दुःखद प्रसंग आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुंडन करू नये, हे वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

केस गळाले म्हणून घाबरू नका

दोन ते आठ आठवड्यांत रोवलेले बरेचसे केस गळून पडतात. पैसे बुडाले असे वाटून माणूस खचतो. पण गळतो तो केस, मूळ आत शाबूत असते. मिरचीचे रोप वाफ्यातून उपटून शेतात लावले की आधी माना टाकते, मग जीव धरते, तसाच हा प्रकार. नवे केस तीन-चार महिन्यांनी दिसू लागतात आणि पूर्ण रूप यायला वर्ष लागते.

ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठा

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळावर मऊ सूज येऊन डोळ्यांपर्यंत उतरते व दोन-चार दिवसांत ओसरते. ती सहसा धोक्याची नसते. परंतु ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, श्वास कोंडणे, अंगावर गांधी उठणे ही तीव्र अॅलर्जीची लक्षणे आहेत. त्यात तासाभराचाही उशीर परवडत नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईतील ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केस रोवून घेतले होते. पुढे चेहरा व घसा सुजून श्वास लागला आणि शस्त्रक्रियेपासून दोन दिवसांच्या आसपास तो दगावला. ताप, पू, वाढत जाणारी ठणक किंवा दाबूनही न थांबणारे रक्त असेल तरी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराच्या गोळ्या किंवा पूर्वी झालेली औषधाची अॅलर्जी यांची माहिती शस्त्रक्रियेआधीच द्यावी. संकोचाने लपवू नये.

जाण्यापूर्वी

प्रत्येक केसगळतीवर हा उपाय नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड वगैरे गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडल्याच्या बातम्या आपण वाचल्याच असतील. अशा अचानक गळतीचे आधी कारण शोधावे लागते. त्यासाठी अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय येथील त्वचारोग विभागात दाखवावे.

आणि शस्त्रक्रिया कोण करणार, हे स्पष्ट विचारावे. नुसती कार्यशाळा किंवा चित्रफीत पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले आहे. स्वस्ताच्या जाहिरातीला भुलण्यापूर्वी डॉक्टरांची पदवी विचारा, आणि रात्री-बेरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक लिहून घ्या. तो मिळत नसेल तर दुसरा दवाखाना पाहिलेला बरा.