उसनं पाकीट

आमची सून धारवाडची. तिच्या माहेरी कन्नड, आमच्या शहापूरच्या घरी मराठी. पण तीन वर्षांत भाषेवाचून काही अडलं नाही. अडलं ते संकोचामुळे.

नातू दीड वर्षाचा झाला. इतक्यात दुसरं मूल नको, असं मुलाने आणि सुनेने ठरवलं. शेजारणीने आपल्याकडचं गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट तिला दिलं. ‘मला सोसतात, तुलाही सोसतील’ म्हणाली. मला हे ठाऊक होतं, पण असल्या विषयात सासूने काय बोलायचं, म्हणून मी गप्प राहिले.

एके दुपारी सून डोळे मिटून बसलेली दिसली. “अत्ते, तले नोवु,” एवढंच म्हणाली. मी कपाळाला बाम चोळून दिला. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी लकाकी येते, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते सांगितलं तिने आमच्या गल्लीतल्या आशाताईंना, कन्नडमधून. त्यांनी गोळ्या थांबवायला लावल्या आणि आम्हा दोघींना डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“ही अर्धशिशी लग्नाआधीपासूनची आहे. अशी लकाकी येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो,” बाई म्हणाल्या. मी चरकलेच. आधी एक प्रश्न विचारला असता, तर हे टळलं असतं.

गोळ्या वाईट नाहीत, हेही बाईंनीच समजावलं. सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्यांतली दोन संप्रेरकं स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत. वेगळ्या रंगाच्या ७ गोळ्या लोहाच्या, रोजची सवय मोडू नये म्हणून. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ किंवा मधेच थोडं रक्त जाणं होऊ शकतं. या गोळ्यांनी वांझपण येत नाही. बंद केल्यावर दिवस राहू शकतात.

संप्रेरकाची एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी, पुढची नेहमीच्या वेळी. एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या, तर शेवटची चुकलेली लगेच घेऊन रोजचा क्रम चालू ठेवावा आणि पुढचे सात दिवस निरोधही वापरावा. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर गोळ्यांचा गुण कमी होतो.

रक्तदाब, हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी किंवा स्तनाचा कर्करोग असेल, पस्तिशीनंतर तंबाखू ओढण्याची सवय असेल किंवा अंगावर पाजणारं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. गोळ्या चालू असताना पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, धाप लागली, दृष्टी अंधुक झाली किंवा डोकं असह्य दुखलं, तर तडक दवाखाना गाठावा.

सुनेने आता तांबी बसवली आहे. त्यात संप्रेरक नसतं. उरलेलं पाकीट मी शेजारणीला परत केलं आणि तिलाही रक्तदाब तपासायला घेऊन गेले. मैत्रिणींनो, साखर उसनी द्यावी, विरजण द्यावं. गोळ्यांचं पाकीट देऊ नये. आणि सून ‘तले नोवु’ म्हणाली, तर बाम चोळता चोळता पुढचं विचारावं.