गडावरच्या आईला अठरा हात, घरातल्या आईला दोनच

सप्तशृंगी गडावरच्या देवीला अठरा हात आहेत. हा गड ज्या कळवण तालुक्यात आहे, तिथल्या मळ्यातल्या घरात दोन लहान मुलं सांभाळणाऱ्या आईला मात्र दोनच हात असतात. अपेक्षा तेवढ्या अठरा हातांच्या असतात.

उन्हाळ कांद्याच्या काढणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. सात महिन्यांचं बाळ झाडाच्या सावलीत झोळीत आहे. तीन वर्षांचा मोठा मुलगा बांधावर धावतोय आणि विहीर जवळच आहे. मजुरांचा चहा करायचाय, घरच्यांच्या भाकरी व्हायच्यात. रात्री बाळ तीनदा उठतं. बाळ झोपलं तरी आईचा डोळा लागत नाही. श्वास चालू आहे ना, म्हणून ती पुन्हा पुन्हा त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहते. छातीत धडधडतं, हातपाय गळतात. दिवसा क्षुल्लक कारणावरून मोठ्याच्या पाठीत धपाटा बसतो आणि रात्रभर त्याचीच टोचणी लागते. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : ‘काही नाही, जरा थकवा आहे.’

ही कुणा एकीची गोष्ट नाही. पण वाचणाऱ्या अनेकींना यात स्वतःचं काहीतरी सापडेल. म्हणून या ‘काही नाही’कडे आज जरा नीट पाहू.

काळजी कुठवर, आजार कुठून?

लहान मुलाची काळजी वाटणं नैसर्गिक आहे. धोका दिसला की शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. मूल विहिरीकडे धावलं की आई क्षणात उठते ती यामुळेच. धोका टळला की शरीर पुन्हा शांत व्हायला हवं. काहींच्या बाबतीत मात्र ही धोक्याची घंटा वाजतच राहते. समोर धोका नसतो, मूल शांत झोपलेलं असतं, तरी धास्ती जात नाही. तिला आवर घालता येत नाही आणि रोजची कामं, झोप, जेवण बिघडू लागतं. तेव्हा तो ‘स्वभाव’ राहत नाही, ती चिंतेची व्याधी असू शकते.

बाळंतपणानंतर संप्रेरकांची पातळी झपाट्याने उतरते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे अनेकींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यापुढेही ते टिकलं किंवा काही महिन्यांनी नव्याने सुरू झालं, तर लक्ष द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, विकसनशील देशांत बाळंतपणानंतर जवळपास २० टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, तोंड द्यावं लागतं. चिंता अनेकदा त्याच्या जोडीनेच येते.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. त्यातल्या बहुसंख्य स्त्रियांना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टीही ओळखीच्या निघाल्या : पैशाची ओढाताण, नवऱ्याशी ताणलेलं नातं आणि मुलगी झाली म्हणून घरात पसरलेली नाराजी. आईच्या मनाचा आजार एकट्या तिच्या मनात जन्मत नाही, तिच्या घरातही त्याची मुळं असतात.

सव्वा महिना संपतो तेव्हा

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. माहेरी असेल तर आई, मावशी, मामी हाताशी असतात. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची मालिश हे सगळं दुसऱ्यांच्या हातून होतं. मग ती सासरी परतते आणि कामाला लागते. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यानंतरच्या ठरलेल्या भेटी बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं झाल्यावर होतात. म्हणजे माहेरचा आधार आणि आशाताईंच्या लागोपाठच्या भेटी एकाच वेळी कमी होतात. त्रास मात्र पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतो.

‘आम्ही चार-चार पोरं वाढवली, आम्हाला नाही कधी असलं काही झालं,’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. त्या काळी त्रास नव्हता असं नाही, त्याला नाव नव्हतं. शिवाय तेव्हा एका चुलीभोवती सासू, जावा, नणंदा असायच्या आणि मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायचं. आज कसमादे पट्ट्यात कितीतरी कुटुंबं गावापासून दूर मळ्यात राहतात. नवरा बाजार समितीत किंवा शेतावर असतो. दिवसभर त्या आईशी बोलायला मोठं माणूसच नसतं.

घरच्या घरी काय करता येईल?

पहिली गोष्ट झोप. तान्ह्या बाळाच्या आईला आठ तास झोप मिळणार नाही, पण सलग चार तास मिळाले तरी फरक पडतो. रात्रीचं एक दूध पाजून झालं की पुढचा बाळ उठण्याचा प्रसंग नवऱ्याने किंवा सासूबाईंनी सांभाळायचा. लंगोट बदलणं आणि थोपटणं बापालाही जमतं.

दुसरी गोष्ट श्वास. धडधड सुरू झाली की बसा, खांदे सैल सोडा. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सावकाश सोडा. पाच मिनिटं असं करा. बाहेर जाणारा श्वास लांबवला की शरीराला शांत करणारी मज्जासंस्था जागी होते आणि हृदयाचे ठोके उतरतात. बाळाला पाजतानाही हे करता येतं.

तिसरी गोष्ट काळजीची वाटणी. डोक्यात फिरणाऱ्या प्रत्येक काळजीला एक प्रश्न विचारा : याबद्दल मला आज काही करता येईल का? विहिरीला कठडा नाही, ही काळजी खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. तो घरच्यांकडून करून घ्या. ‘पुढे काही वाईट झालं तर?’ याला आज उत्तर नाही. ती काळजी संध्याकाळच्या ठरलेल्या पंधरा मिनिटांसाठी बाजूला ठेवा. पुष्कळदा तोवर तिचा जोर ओसरलेला असतो.

चौथी गोष्ट राग. मुलाचं रडणं असह्य झालं तर त्याला सुरक्षित जागी, पाळण्यात किंवा जमिनीवर अंथरुणावर ठेवा आणि दोन मिनिटं ओट्यावर जाऊन उभ्या राहा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, त्याने मेंदूला इजा होऊ शकते. दोन मिनिटं रडल्याने बाळाचं काही बिघडत नाही.

पाचवी गोष्ट रक्ततपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बाळंतपणानंतर काहींची थायरॉइड ग्रंथीही बिघडते. थकवा, धडधड, चिडचिड या तक्रारी दोन्हींत दिसतात. म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

आणखी एक गोष्ट, जी बायका लाजेने कुणालाच सांगत नाहीत. ‘माझ्या हातून बाळ पडलं तर?’, ‘माझ्याकडूनच त्याला इजा झाली तर?’ असे नकोसे विचार अनेक नव्या आयांच्या मनात येऊन जातात. त्या विचारांनी तुम्हाला भीती वाटते, याचाच अर्थ ते तुमच्या मनाविरुद्ध आहेत. विचार येणं म्हणजे तसं करणं नव्हे. ते डॉक्टरांना सांगितल्याने तुम्ही वाईट आई ठरत नाही.

विचारणारं माणूस हवं

पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. आपल्या आशाताईंसारख्याच गावातल्या आरोग्य सेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन नैराश्यात असलेल्या ९०३ गरोदर स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांच्या घरी ठरावीक भेटींत बोलायला पाठवलं. उरलेल्यांकडेही सेविका जात होत्या, पण त्यांना हे प्रशिक्षण नव्हतं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा पहिल्या गटात २३ टक्के, तर दुसऱ्या गटात ५३ टक्के आया नैराश्यात होत्या. पुढे गोव्यात याच पद्धतीने गावातल्याच स्त्रियांना ‘सखी’ म्हणून तयार केलं गेलं. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सखींनी भेटी दिलेल्या मातांपैकी अधिक जणी बऱ्या झालेल्या दिसल्या.

कळवणमध्ये अशा भेटीगाठींच्या जागा आधीच आहेत. हा आदिवासी तालुका असल्याने अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा माता अंगणवाडीत गरम जेवणासाठी येतात. तिथे किंवा आशाताईंच्या भेटीत बाळाचं वजन झाल्यावर आईला तीन प्रश्न विचारता येतील. गेल्या महिन्यात मन सारखं उदास, निराश वाटलं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? सारखी धास्ती वाटते, काळजी आवरत नाही, असं होतं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं म्हणजे आजारच झाला असं नाही, पण पुढे बोलायला हवं. हे प्रश्न नवरा, सासूबाई, जाऊबाईही विचारू शकतात. अट एवढीच, की उत्तर ऐकताना उपदेश करायचा नाही. नजर लागली म्हणून दृष्ट काढायची असेल तर काढावी, पण दवाखाना टाळू नये.

डॉक्टरांकडे कधी?

दोन आठवडे जवळजवळ रोज त्रास होत असेल, बाळ झोपूनही झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल किंवा बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल तर थांबू नका. आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. गरज पडली तर ते पुढे नाशिकला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. नाशिकची खेप लगेच जमणारी नसेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.

औषध लागलंच तर अंगावर दूध तोडावं लागेल, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. स्तनपान चालू असताना देता येतील अशी औषधं आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि मनाने बंद करू नयेत.

दोन परिस्थितींत मात्र एक दिवसही थांबायचं नाही. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, किंवा बाळंतीण असंबद्ध बोलत असेल, तिला भास होत असतील, कित्येक रात्री ती झोपलीच नसेल, तर तिला आणि बाळाला एकटं न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. असा तीव्र आजार हजारात एखाद-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतो आणि उपचारांनी बराही होतो. उपचारांसाठी दाखल व्हावं लागलं तरी तीन वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून तोडू नये, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाच सांगतो.

घरात तान्हं बाळ असेल तर आज संध्याकाळी एवढं करा. बाळाला आपल्या कडेवर घ्या, त्याच्या आईला बसायला सांगा आणि विचारा, ‘तू कशी आहेस?’ ती ‘काही नाही’ म्हणाली, तर उठू नका. थोडा वेळ तिथेच बसा.