डिजिटल सिंथेसायझरचे अंतरंग आणि स्वराची प्रेरकता : एक विवेचन

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव तेथील नृसिंह मंदिरामुळे मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. अशा क्षेत्रांच्या ठिकाणी भजनाला पेटी, मृदंग व टाळ यांची साथ रूढ आहे. लग्नसमारंभात आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रात मात्र बोलीभाषेत सरसकट ‘कॅसिओ’ म्हणून ओळखला जाणारा कीबोर्ड वाजतो. या वाद्याचा आवाज निर्जीव आहे, त्याच्या साथीने गायकाला स्फूर्ती येत नाही, असा आक्षेप जाणकार घेतात. हा दोष वाद्यातील यंत्रणेचा आहे की तिच्या वापराचा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाविद्यालयाच्या संगीत विभागाला वाद्य निवडताना हा प्रश्न टाळता येत नाही.

वाद्याच्या आत काय घडते?

पेटीत हवेच्या दाबाने धातूची पट्टी कंप पावते. डिजिटल सिंथेसायझरमध्ये असा कोणताही भाग कंप पावत नाही. तेथे केवळ आकडेमोड होते. तरंगाचा आकार संख्यांच्या तक्त्याच्या रूपाने मेमरीत साठवलेला असतो. पट्टी दाबताच एक गणक त्या तक्त्यातून ठरावीक पावलांनी पुढे सरकतो. पाऊल मोठे असेल तर स्वर उंच, लहान असेल तर स्वर खालचा. मिळालेल्या संख्यांचे विद्युतदाबात रूपांतर करणारा भाग शेवटी असतो आणि त्यानंतर ध्वनिवर्धक येतो.

यामाहा कंपनीचा १९८३ सालचा डीएक्स-७ हे या रचनेचे प्रसिद्ध उदाहरण होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये असे आढळले की, एका तरंगाने दुसऱ्या तरंगाची वारंवारता वेगाने बदलल्यास अत्यंत समृद्ध नाद निर्माण होतात. हे तत्त्व यामाहाने चिपमध्ये उतरवले. त्या काळी गुणाकार करणारी परिपथरचना खर्चिक होती. म्हणून या चिपमध्ये लॉगरिथमचे तक्ते साठवून गुणाकाराचे काम बेरजेवर भागवले गेले. रूपांतरक १२ बिटांचा, म्हणजे एका वेळी ४,०९६ पातळ्या दाखवणारा होता. सीडीच्या १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या असतात. तरीही या वाद्याने एका दशकाच्या चित्रपटसंगीताला व पाश्चात्त्य सुगम संगीताला आपला नाद दिला. पट्टीवर आघात जोराचा झाला की आवाज केवळ मोठा होत नसे, तर त्याचा पोतही उजळ होई, हे त्याचे वैशिष्ट्य होते. वादकाच्या हाताला वाद्य उत्तर देत होते.

पेटीचा जुना वाद

महाराष्ट्राला हा वाद नवीन नाही. पेटीच्या स्थिर स्वरांवरील आक्षेपातूनच सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली.

आक्षेपाचे गणित सोपे आहे. षड्ज २४० हर्ट्झ मानल्यास तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर येतो. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या कीबोर्डवर तो सुमारे ३०२.४ हर्ट्झवर असतो. तानपुऱ्याच्या षड्जाचा पाचवा स्वयंभू स्वर १,२०० हर्ट्झचा आणि या गंधाराचा चौथा सुमारे १,२०९.५ हर्ट्झचा, दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ ते दहा विस्पंद निर्माण होतात. कसलेल्या कानाला खटकते ती हीच थरथर.

पेटीतील पट्टी घासून बसवलेली असल्याने हा फरक वाजवताना दुरुस्त करता येत नाही. डिजिटल वाद्यात मात्र गंधार ही केवळ पावलाची लांबी, म्हणजे एक संख्या आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि ३२ बिटांचा गणक असेल, तर स्वर हर्ट्झच्या सुमारे एक लक्षांश भागापर्यंत हलवता येतो. स्वर बेसूर लागतो तो चिपच्या असमर्थतेमुळे नव्हे, तर समान बारा भागांचा तक्ता कायम ठेवल्यामुळे.

मुंबईतील एक प्रयोग

चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा रागांवर आधारित तबकडी ध्वनिमुद्रित केली. तीत त्यांनी रोलंड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ व ज्युपिटर-८ ही वाद्ये वापरली. या वाद्यांचा नाद अ‍ॅनलॉग परिपथांतून येतो. टीबी-३०३ हे बास गिटारला पर्याय म्हणून बनवले गेले. पण ते गिटारसारखे वाजेना आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची सोय मात्र मींडेला जवळची होती, आणि रागविस्ताराला तीच उपयोगी पडली. ही तबकडी २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभर ऐकली गेली. अ‍ॅनलॉग परिपथ असूनही अनुकरण फसले आणि स्वराची गती साधल्याने संगीत उभे राहिले, ही बाब येथे लक्षणीय आहे.

प्रतिसादाच्या मर्यादा

कीबोर्डची खरी उणीव हाताच्या हालचाली टिपण्यात आहे. वाद्ये परस्परांना जोडणाऱ्या १९८३ च्या मिडी संकेतप्रणालीत आघाताच्या १२८ पायऱ्या आहेत आणि स्वर वळवण्याची आज्ञा त्या वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होते. परिणामी खर्ज स्थिर ठेवून केवळ वरच्या स्वराला आंदोलन देणे अवघड जाते. २०१८ मध्ये स्वीकृत झालेल्या एमपीई पद्धतीने प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वळवता येतो. विलंबाचाही विचार आवश्यक आहे : पट्टी दाबल्यानंतर १० मिलिसेकंदांनी आवाज येणे म्हणजे वाद्य सुमारे साडेतीन मीटर दूर असल्यासारखे ऐकू येणे होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, नादाची प्रेरकता चिपच्या जातीवर किंवा बिटांच्या संख्येवर अवलंबून नाही. वाद्य गायकाच्या षड्जाशी जुळते काय आणि वादकाच्या हाताला तत्काळ उत्तर देते काय, या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. म्हणून वाद्य निवडताना त्यात शेकडो आवाज किती आहेत हे पाहण्यापेक्षा स्वरतक्ता बदलता येतो काय, आघातानुसार पोत बदलतो काय, मींड घेता येते काय आणि विलंब जाणवतो काय, हे तानपुरा लावून तपासावे. या कसोटीस उतरणारे वाद्य भजनाच्या साथीलाही अपात्र ठरवण्याचे कारण उरत नाही. आणि न उतरणारे वाद्य कितीही महागडे असले तरी गायकाच्या उपयोगाचे नाही.