देवदूतांचा वाढता वाटा

ओकच्या पिंपात व्हिस्की मुरत असताना तिचा काही अंश हवेत उडून जातो. मद्यनिर्माते या घटीला गमतीने ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या गारव्यात ही घट वर्षाला सुमारे २ टक्के असते. बंगळुरूच्या उष्ण हवेत मात्र ती १० टक्क्यांच्या घरात जाते.

तेथील जगदाळे कुटुंबाच्या, १९४८ साली स्थापन झालेल्या ‘अमृत’ने याच अडचणीचा उपयोग करून घेतला. उष्णतेमुळे मद्य लाकडातील गुण वेगाने शोषते आणि चार-पाच वर्षांतच परिपक्व होते. ‘फ्यूजन’मध्ये भारतीय जवाला पीटच्या धुरावर वाळविलेल्या स्कॉटिश जवाची जोड मिळाली. ‘स्पेक्ट्रम’साठी तर निरनिराळ्या लाकडांच्या पट्ट्या जोडून एकच पिंप घडविण्यात आले.

या प्रयोगांची पारख करताना निमुळत्या तोंडाच्या पेल्यातून प्रथम गंध घ्यावा. मग पाण्याचे दोन-चार थेंब घालून लहानसा घोट जिभेवर घोळवावा. धूर आणि लाकूड यांपैकी कोणी कोणावर मात केली, हे तेव्हा कळते.

अधिक काळ मुरविण्याची किंमतही मोठी असते. आठ वर्षे मुरलेल्या ‘ग्रीडी एंजल्स’च्या २०१३ साली अवघ्या १४४ बाटल्या निघाल्या. पिंप नेमके केव्हा उघडावे, यातच निर्मात्याची खरी कसोटी आहे.